नाकाजींनी परत पाठवलेलं दूध

त्यांचं खरं नाव डेअरीच्या हजेरीपटात असेल तेवढंच. बाकी सगळ्या जगासाठी ते नाकाजी. तेहतीस वर्षं या माणसाने डेअरीच्या धक्क्यावर उभं राहून एकच काम केलं. आलेल्या कॅनचं झाकण उचलायचं, नाक आत घालायचं, जराशी शंका आली की पळीभर दूध तोंडात घ्यायचं, जिभेवर घोळवायचं, बाजूच्या मोरीत थुंकायचं आणि दोनपैकी एक शब्द उच्चारायचा. “घ्या” किंवा “परत”. कॅन आणणारा गयावया करो नाहीतर मोठमोठ्या ओळखी सांगो, परत म्हणजे परत.

आता तिथे यंत्रं आली आहेत. नळीत दूध ओतलं की पडद्यावर आकडे उमटतात. पण आकडे उमटले तरी मॅनेजर मान वळवून विचारतोच, “नाकाजी, तुमचं काय म्हणणं?” मागे एकदा यंत्राने पास केलेला अख्खा टँकर त्यांनी परत पाठवला होता. वरच्या साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. दुपारपर्यंत त्या टँकरचा बाटलीत काढून ठेवलेला नमुना नासला, आणि साहेब पुढे आठवडाभर धक्क्याकडे फिरकले नाहीत. तेव्हापासून त्या नाकाचा असा दरारा की विचारू नका.

मिशीही नाकाला शोभेल अशीच होती. झुपकेदार, वरचा ओठ पार झाकून खाली उतरलेली. लग्नाच्या दिवशीही ती होतीच, त्यामुळे छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोने नवऱ्याचा वरचा ओठ म्हणून पाहिलेला नव्हता. “असेल काहीतरी आत,” ती म्हणायची.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा यायचा. सून बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसायची. आणि या तिघांच्या डोक्यावर मिरे वाटायला एक नात. नाव काहीही असो, हाक एकच, ठकी.

ठकीचा आणि आजोबांचा रोजचा कार्यक्रम ठरलेला. नाकाजी पहाटे चारला कामावर जायचे आणि अकराच्या ठोक्याला परतायचे. दारात पाऊल टाकताच धक्क्यावरची आरोळी ठोकायचे, “पुढचा कॅऽऽन!” की ठकीने आजीच्या कडेवरून झेप घेतलीच म्हणून समजा. मग दोन्ही मुठींत मिशी धरून ती अशी ओढायची की आजोबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मनासारखी ओढून झाली की मुठी तोंडात. धक्क्यावर ज्या माणसाला कुणी हसताना पाहिलं नव्हतं, तो घरी हे सगळं “आणखी ओढ, आणखी” म्हणत सोसायचा.

कधीकधी पोरीच्या गालावर, हनुवटीवर लाल चट्टे उठायचे. तासाभरात जायचे. “घामोळं आहे,” आजी म्हणाली. “लाळेने होतं तसं,” शेजारीण म्हणाली. विषय तिथेच संपला.

सात महिने ठकी आईच्या दुधावर वाढली. मग सुनेची रजा संपली, आणि दुपारच्या वेळेला वरचं दूध सुरू करायचं ठरलं. आता घरात दुधाचा विषय निघाल्यावर दुसरं कोण बोलणार? नाकाजींनी वाटीभर दूध स्वतः उकळलं, गाळलं, निववलं. ठकीने चार चमचे घेतले आणि पंधरा मिनिटांत भडभडून ओकली. तोंडाभोवती गांधी उठल्या. नाकाजींनी वाटीचा वास घेतला आणि निकाल दिला.

“परत. पिशवीचं दूध ते पिशवीचं. शंभर गोठ्यांचं एकत्र, कुठलं काय आलं असेल देव जाणे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्रीच्या गवळ्याकडून एकाच गाईचं दूध आणलं. गाय स्वतः पाहून आले. तिच्या चाऱ्याचा वाससुद्धा घेतला. त्या दुधालाही पोरीने तेच केलं, वर पोटावर चट्टे उठले.

“बाबा,” सून बिचकत म्हणाली, “दूध चांगलंच असेल. पण तिलाच ते चालत नसेल तर?”

“दूध चालत नाही?” नाकाजी भडकले. “अगं, तान्ह्या पोराला दूध चालत नाही हे मी जन्मात ऐकलं नाही! दुधात खोट असते, पोरात नसते.”

सुनेने पुढे वाद घातला नाही. तिने एक वही काढली. चौकशीच्या खिडकीत बसून तिला सवयच लागली होती, कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली ते लिहून ठेवायची. तसंच ती ठकीचं लिहू लागली. काय खाल्लं, किती वाजता, काय झालं, किती वाजता. ती कामावर असेल तेव्हा आजी कागदाच्या चिटोऱ्यावर वेळ टिपून ठेवायची.

आणि नाकाजी मात्र हट्टाला पेटले. गाईचं बाधतं ना? मग शेळीचं. शेळीचं दूध हलकं, सगळेच सांगतात. आठ दिवसांनी एका रविवारी सकाळी कोवळ्या शेळीचं ताजं दूध घेऊन ते विजयी मुद्रेने घरी आले. वास घेतला, चव घेतली. “याला म्हणतात दूध,” म्हणाले. दोन चमचे पोटात गेले असतील नसतील, ठकीचे ओठ सुजू लागले. अंगभर गांधी. रडता रडता आवाज घोगरा झाला, मग खोकला, आणि मग पोर आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प झाली. ते गप्प होणं नाकाजी मरेपर्यंत विसरणार नाहीत.

खालच्या टॅक्सीवाल्याने गाडी कशी हाकली त्याची त्यालाच ठाऊक. दवाखान्यात शिरताच डॉक्टरबाईंनी पोरीच्या मांडीत इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत श्वास मोकळा झाला, तासाभरात ठकी डॉक्टरबाईंच्या गळ्यातली नळी ओढू लागली. तरी दिवसभर तिला तिथेच ठेवून घेतलं. नाकाजी बाकावर बसून होते. हातात ती दुधाची रिकामी बाटली, येताना कशी हातात राहिली कुणास ठाऊक.

डॉक्टरबाईंनी सुनेची वही पानन्‌पान वाचली. “हे कुणी लिहिलं? निम्मं काम करून ठेवलंय तुम्ही,” म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्वचेवर थेंब टाकून, बारीक टोचून तपासणी झाली, रक्तही तपासलं, आणि नाव पडलं. दुधाची ॲलर्जी.

“पण दूध उत्तम होतं,” नाकाजी म्हणाले. “मी स्वतः पारखलं होतं.”

“असणारच, आजोबा. दुधात काही खोट नव्हती. दुधात जी प्रथिनं असतात, ती हिच्या शरीराला शत्रू वाटतात. ते शरीर त्यांच्याशी भांडायला उठतं, आणि त्या भांडणात पोरीचा जीव घाबरा होतो. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, प्रथिनं जवळपास सारखीच. उकळून जात नाहीत. उलट जितकं कसदार दूध, तितकं हिला वाईट.”

तेहतीस वर्षं दोन शब्दांवर चाललेला माणूस तो. चांगलं ते घ्या, वाईट ते परत. चांगलं असून एखाद्याला वाईट, या दुधाला काय म्हणायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते तपासणीच्या कागदाची घडी घालत-उलगडत बसले. मग हळूच विचारलं, “पूर्वी अशा पोरांचं काय व्हायचं हो?”

त्यांच्या पाठचा एक भाऊ होता. दूध पाजलं की ओकायचा. अशक्त आहे म्हणून त्याला आणखी पाजायचे. तो वर्षाचाही झाला नाही. आईने शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावला. हे त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, इतकी वर्षं बायकोलाही धड सांगितलं नव्हतं ते. डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्याला काय होतं ते आता मी सांगू शकत नाही. पण हिला काय आहे ते आपल्याला कळलंय.”

मग त्यांनी एकेक गोष्ट समजावली. आईने पाजलेलं हिला कधी बाधलं नाही, तर ते बिनधास्त चालू ठेवा, आईला दूध-दही सोडायचं कारण नाही. पोरीला मात्र दूध, दही, लोणी, चीज काही नाही, थेंबभरही नाही. दुपारसाठी एक खास पावडर लिहून देते, तिच्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक पोरांचं शरीर त्यांना ओळखत नाही; पहिली बाटली इथे माझ्यासमोर पाजा. एक इंजेक्शन कायम घरात ठेवा, कसं टोचायचं ते तिघांनी शिकूनच घरी जा. अशी बरीच पोरं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. पण ते बघायचं दवाखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत. घरी “जरासं देऊन बघू” हा उद्योग नको. हे शेवटचं वाक्य त्या नाकाजींकडे बघून म्हणाल्या.

नाकाजींनी पंधरा दिवसांची रजा टाकली. तेहतीस वर्षांत प्रथमच. आणि घरात जी मोहीम काढली ती बघण्यासारखी होती! भिंग घेऊन ते डब्या-पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत बसायचे. दुधाची भुकटी. परत. केसिन, म्हणजे दुधातलंच प्रथिन. परत. व्हे, म्हणजे फाटलेल्या दुधाचं पाणी. परत. बिस्किटं गेली, पाव गेला, सूपच्या पावडरीचं पाकीट गेलं. ठकीची वाटी-चमचा वेगळा झाला. वाण्याच्या दुकानात तर त्यांनी फळीवरची पाकिटं एकेक उतरवून “परत, परत” असा सपाटा लावला, तेव्हा वाणी हात जोडून म्हणाला, “नाकाजी, दुकान माझं आहे हो, डेअरीचं नाही!”

पोरीने मात्र बाळसं धरलं. ओकारी नाही, चट्टा नाही. जे घामोळं म्हणून सोडून दिलं होतं, तेसुद्धा नाहीसं झालं. पंधरा दिवस वहीत एकच शेरा. काही नाही. काही नाही. काही नाही.

रजा संपली. सोमवारी नाकाजी कामावर गेले, अकराला आले, आरोळी ठोकली, पोरीने झेप घेतली. साडेअकराला तिच्या गालावर गांधी उठल्या, हाताच्या तळव्यांवर लाली, खालचा ओठ जरा सुजलेला. मंगळवारी तेच. बुधवारी ओकलीसुद्धा. डॉक्टरबाईंनी दिलेल्या औषधाने ते बसायचं, पण सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

बुधवारी नाकाजींनी ठकीची चिमुकली मूठ उघडून नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

“दूध आहे हे,” ते म्हणाले. बायकोकडे वळले. “तू दिलंस.”

“मी?”

“दिवसभर पोर तुझ्याकडे असते. कळवळा येऊन दिलं असशील चमचाभर. माझं नाक खोटं बोलत नाही.”

“आणि मी खोटं बोलते?” आजीच्या हातातलं फडकं खाली पडलं. “हिच्या मांडीत सुई गेली तेव्हा पाय कुणी धरले होते? तुमच्या त्या शेळीच्या दुधापायी! मी देईन हिला दूध?”

ती आत गेली आणि बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पण आदळायची. चूक तिची नव्हती, आणि तरी घरातल्या घरात तिच्यावर संशयाची नजर आली, हे त्या माणसाने फार वाईट केलं. मी त्याची बाजू घेणार नाही. स्वतःच्या नाकावर एवढा भरवसा की छत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर उरला नाही.

सुनेने दोन दिवसांची रजा काढली. गुरुवारी ठकीला तिने क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही. भाताची पेज तिने केली, पावडरीची बाटली तिने भरली, खेळणी धुतली, अंथरूण धुतलं. अकरा वाजेपर्यंत पोर ठणठणीत. पावणेबाराला पुन्हा गांधी.

सून वही घेऊन बसली. पानं मागे-पुढे केली. मग सासऱ्यांसमोर आली. “बाबा, जरा खुर्चीवर बसता?”

तिने धुतलेला पांढरा रुमाल कोमट पाण्यात भिजवला, पिळला, आणि सासऱ्यांच्या मिशीवरून दोनदा दाबून फिरवला. आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, बोलणं बंद असलं तरी बघणं बंद नव्हतं. सुनेने रुमाल त्यांच्या नाकापुढे धरला.

“कॅन आलाय, बाबा. बघा.”

नाकाजींनी सवयीने डोळे मिटले आणि वास घेतला. त्यांना सगळं कळलं. म्हशीचं. आज सकाळचं. सातच्या गाडीतून आलेलं. दिवसाला दीडशे झाकणं, चाळीस-पन्नास पळ्या, आणि प्रत्येक पळीचा थेंब मिशीत. तेहतीस वर्षं तो वास नाकाच्या शेजारी राहत आलेला, त्यामुळे नाकाला तो कधी आलाच नाही. तिथे धरलेल्या मुठी, आणि मग त्या मुठी तोंडात.

“रजेच्या पंधरा दिवसांत काही नव्हतं,” सून हलक्या आवाजात म्हणाली. “तुम्ही अकराला येता. सोमवारी साडेअकरा. मंगळवारी अकरा पंचवीस. ते घामोळंसुद्धा...”

“परत,” नाकाजी म्हणाले. “माझ्यापासून लांब ठेवा तिला.”

ठकी आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे झेपावत होती. ते उठले आणि जिन्यात जाऊन बसले. पोर रडू लागली, तसे आणखी एक मजला खाली उतरले. एवढा मोठा बाप्या, कठड्याला डोकं टेकून ढसाढसा रडला.

मग वर आले ते सरळ स्वयंपाकघरात. “चुकलं माझं,” बायकोला म्हणाले.

“पुन्हा म्हणा. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कानावर पडतंय, नीट ऐकू आलं नाही.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने चहाचा कप पुढे सरकवला, बिनदुधाचा.

डॉक्टरबाईंना फोन लागला. त्या म्हणाल्या, घाबरू नका, काम सोडायची गरज नाही. पोरीला घेण्याआधी साबणाने अंघोळ, धुतलेले कपडे. नुसतं पुसून चालणार नाही, हाताला लावायच्या जेलनेही जात नाही. साबण आणि भरपूर पाणी. मिशीसुद्धा नीट धुतली तर चालेल.

“नीट म्हणजे किती?” नाकाजींनी विचारलं. “केसाच्या मुळाशी राहिलं तर?”

“नीट धुतलं तर राहू नये.”

राहू नये. या उत्तरावर त्यांनी आजवर एक कॅन पास केला नव्हता. शंका आली की परत, हा नियम दुसऱ्यांना लावून ते जन्मभर ताठ मानेने फिरले होते.

शुक्रवारी पाळी संपल्यावर त्यांनी डेअरीच्या न्हाणीत अंगाला दोनदा साबण लावला, घरून नेलेले कपडे घातले, आणि समोरच्या न्हाव्याकडे जाऊन बसले. “पुन्हा विचार करा,” न्हावी वस्तरा हातात धरून म्हणाला. “ही उगवायला किती वर्षं लागली असतील.” नाकाजींनी डोळे मिटून घेतले. धक्क्यावरची पोरं दुकानाच्या दाराशी उभी राहून बघत होती, एकानेही चेष्टा केली नाही.

अकराच्या ऐवजी सव्वाअकराला दार वाजलं. आजीने उघडलं आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. “अगंबाई! होता का हो ओठ आत!” पण नवऱ्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं.

कारण ठकीने त्यांना पाहिलं होतं. ती आईच्या कडेवर ताठ झाली, ओठ थरथरले, आणि तिने किंकाळी फोडली. हा कोण गोऱ्या ओठाचा परका बाबा आपल्या घरात? आईच्या मानेत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडू लागली.

नाकाजी दारातच जमिनीवर बसले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मिशी गेली तर लोक काय म्हणतील, बायको काय म्हणेल, सगळा विचार केला होता. पोर ओळखणार नाही, एवढंच राहून गेलं होतं.

मग अगदी हळू, कुणी ऐकू नये इतक्या हळू म्हणाले, “पुढचा कॅन...”

रडणं थांबलं. ठकीने मान वर केली. तिने त्या परक्या माणसाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, उघड्या दाराकडे. आजोबा कुठे आहेत ते शोधत होती. जिन्यात कुणी नव्हतं. सुनेने तिला खाली सोडलं. ती रांगत निघाली, वाटेत थांबली, पुन्हा दाराकडे पाहिलं.

“पुढचा कॅन,” नाकाजी म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

ती त्यांच्या मांडीपाशी आली, गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि वरच्या ओठावर हात फिरवला. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. मिशी कुठेच सापडेना. मग हाताला जे लागलं ते तिने दोन्ही मुठींत घट्ट धरलं आणि पूर्ण ताकदीनिशी ओढलं. नाक!

“आणखी ओढ,” आजोबा म्हणाले.

तिने मनसोक्त ओढलं आणि मुठी तोंडात घातल्या. तिघंही घड्याळाकडे बघत बसले. पावणेबारा वाजले. बारा वाजले. सुनेने पोरीचा गाल, तळवे, मान उजेडाकडे वळवून पाहिली, मग वही उघडून लिहिलं: अकरा पंचवीस, आजोबांकडे. बारा पाच, काही नाही.

नाकाजींनी वही मागून घेतली. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली, आणि अक्षरांवर पाणी पडायला नको म्हणून तिसऱ्यांदा वाचली नाही.